यावलवाली, दोनदा

दिवाळी सरली की जळगावच्या हवेत कापूस उडायला लागतो. नवख्या माणसाला तो दिसत नाही, आम्हाला दिसतो. शेतातून निघालेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागतात आणि जाता जाता वाटेवरच्या प्रत्येक बाभळीला थोडा थोडा कापूस देऊन जातात. विजेच्या तारेवर, शाळेच्या जाळीवर, वाळत घातलेल्या काळ्या छत्रीवर काहीतरी पांढरं अडकलेलं असतं. त्याच दिवसांत असोद्याची वांगी बाजारात येतात आणि गल्लीगल्लीत भरिताचे बेत ठरतात. वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या झाडांवर, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे.

मला भरीत आवडतं. पऱ्हाट्यांचा धूर सोसत नाही. म्हणून मी वांगी गॅसवर भाजते आणि सासरचे नि माहेरचे, दोन्हीकडचे लोक मला हसतात. हसू दे. भरिताच्या संध्याकाळी मी खिडकी लावून घेते आणि स्वयंपाकघरात कुणी विचारलं तर सर्दीचं कारण सांगते.

यंदा खिडकी लावलेली असतानाच फोन आला. गावातल्या एका कॉलेजची स्मरणिका निघणार आहे. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. "ताई, 'हाजर' गाण्यामागची गोष्ट लिहून द्याल का? दीड पान पुरे. गमतीदार असेल तर फारच छान."

ज्यांना 'हाजर' माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या उन्हाळ्यात निघालेलं ते एक गाणं आहे. माझा मोठा भाऊ विलास आणि त्याचे तीन मित्र यांनी ते केलं. कॅसेटच्या एका बाजूला हेच एक गाणं, दुसऱ्या बाजूला गणपतीची नेहमीची चार. भाऊ त्याला हार्ड रॉक म्हणायचा. आई आदळआपट म्हणायची. गिटार करवतीसारखी चालते, ढोल लंगडत लंगडत पळतो, आणि मध्येच एक बाईचा आवाज हजेरी घेतो. एकेक गावाचं नाव येतं आणि प्रत्येक नावामागून कुणीतरी "हाजर" म्हणतं. तो हजेरी घेणारा आवाज माझा आहे. जळगाव आणि धुळ्यात मला अजून काही लोक नावाने ओळखत नाहीत, 'हाजरवाली' म्हणून ओळखतात.

हजेरीच्या शेवटी चार मात्रा पूर्ण शांतता आहे. मग गिटार पुन्हा कोसळते. त्या शांततेबद्दल सगळे विचारतात आणि भाऊ गेली तीस-पस्तीस वर्षं एकच उत्तर देतो : रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली. खानदेशात या उत्तरावर कुणी शंका घेत नाही. लोक हसतात, टाळी देतात, विषय संपतो. लाइट गेली तर टेपही थांबली असती, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी दीड पान लिहायला घेतलं. लाइट गेल्याचं लिहिलं, गमतीदारही झालं. मग वाचलं आणि ते खोडलं. मी सहसा खोडत नाही. एका शाळेत मी मुख्य लिपिक आहे, माझा सगळा दिवस याद्यांत जातो, पण माझ्या हाताखालच्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते : यादीत नाव दोनदा दिसलं तर रेघ मारायची नाही, वर्गात जाऊन विचारायचं. त्या मला खडूस म्हणतात. ही सवय मला कुठून लागली, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते. टायफॉइडमुळे कॉलेजचं वर्ष बुडालं होतं आणि घरात बसून मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. हळद, मीठ, साखर, जणू आईला ते कळत नव्हतं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते, भाऊ तिथेच वायरमन. कंटाळून आबांनी मला बरोबर नेलं. म्हणाले, "इला लिहायला द्या काहीतरी, नाहीतर उद्या माझ्या कपाळावर चिठ्ठी लावेल."

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची जागा. लांबलचक शेड, तिच्यात ओळीने मशिनी, प्रत्येक मशिनीसमोर कापूस भरणारी बाई. सरकी खाली पडते, रुई पुढे जाते, तिच्या गाठी बांधून शेजारच्या गोदामात रचतात. बायका नाकातोंडाला फडकं बांधायच्या, तरी भुवयांवर, पापण्यांवर, कानामागच्या केसांवर रुई बसायचीच. दुपारपर्यंत सगळ्या म्हाताऱ्या दिसायच्या. संध्याकाळी हौदावर तोंड धुतलं की पुन्हा तरुण व्हायच्या.

मुकादमांना सगळे नाना म्हणत. धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, डोळ्यांत सदा हसू. नावं त्यांच्या डोक्यात असत आणि जी डोक्यात मावत नसत ती बिडीच्या बंडलाच्या कागदावर. मला ते पाहून धडकीच भरली. पहिल्याच दिवशी मी रूळ मारलेली वही आणली आणि नानांकडून शिकलेल्या अहिराणीत पहिल्या बाईला विचारलं, "तुनं नाव काय शे?"

"लिख ना, एरंडोलवाली."

"ते गाव झालं. नाव?"

"नाव मन्हा मायले माहीत. तू एरंडोलवाली लिख, मी वळखी लिसू."

मागची बाई म्हणाली, "जास्त इचारू नको वं, आते नवरानं नाव लेवाले लावशी." आणि सगळी रांग हसायला लागली.

आमच्याकडची रीतच तशी. बाई लग्न होऊन आली की तिला माहेरच्या गावाने ओळखायचं. सासरी तिचं नाव कुणी घेत नाही, कधी कधी कुणाला ते माहीतही नसतं. तेव्हा मी लिहीत गेले. एरंडोलवाली, असोदेवाली, यावलवाली, धुळेवाली. वही सुंदर दिसत होती.

हजेरी दोनदा व्हायची, सकाळी आणि दुपारी जेवणाची सुट्टी संपताना. सुरुवातीला नुसता गोंधळ. एकीचं नाव घेतलं की तिघी ओरडायच्या, जी आली नाही तिच्या वतीने तिची जाऊबाई ओरडायची. मग मी नियम केला. आपलं नाव आलं की आपणच बोलायचं. दुसरीने बोलायचं नाही. आणि आपलं नाव येण्याआधी तर अजिबात तोंड उघडायचं नाही. नाना म्हणाले, "ताईनी मिलिटरी लाई दिधी." पण आठ दिवसांत शिस्त लागली. नाव, "हाजर", नाव, "हाजर", एकामागून एक, मण्यांसारखं. नव्या बाईला जुन्या बायका पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तो अभिमान मला अजून आठवतो, चव आठवावी तसा.

भाऊचं लक्ष मात्र वेगळ्याच आवाजांकडे असायचं. पुण्याच्या एका दोस्ताने त्याला इंग्रजी गाण्यांच्या दोन कॅसेटी उतरवून दिल्या होत्या. एकाही शब्दाचा अर्थ न कळता तो त्या घासून घासून ऐकायचा. जुनी गिटार मिळवली, तिला स्वतःच तारा जोडून रेडिओच्या स्पीकरला जोडलं. आवाज मिळेना. कॅसेटमधला आवाज खरखरीत, याचा गुळगुळीत. मग गणपती मंडळाच्या अडगळीतून त्याने एक स्पीकर आणला, ज्याचा पडदा उंदराने कुरतडला होता. त्यातून गिटार वाजवली आणि आमच्या घराच्या कौलावरची कबुतरं उडाली. लोक म्हणतात तो आवाज परदेशी यंत्राचा आहे. तो उंदराचा आहे.

ठेका त्याला जिनिंगमध्ये सापडला. चार नंबरची मशीन लंगडी होती. खट-खट, खट-खट, आणि मग एक ठोका उशिरा. आबा तिला दुरुस्त करायला गेले की भाऊ म्हणायचा, "राहू द्या ना आबा, चांगली चाललीय." आबांना वाटायचं पोराला कामाचा कंटाळा. मी चार दिवसांच्या सुट्टीवरून परतले त्या सकाळी भाऊ मला म्हणाला, "चार नंबरवर एक नवी बाई आलीय. भरता भरता गाते. अगं, मशीनच्या वरून आवाज येतो तिचा. लंगड्या ठेक्यावर बरोबर पाय ठेवते."

मी विचारलं, "कोण?"

तो म्हणाला, "मी काय तुझी वही आहे का?"

ती आली त्या आठवड्यात मी नव्हते. मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही बायका चार दिवस धुळ्याला गेलो होतो. परतले ती एका सकाळी उशिराच्या बसने. हजेरी नानांनी घेऊन टाकली होती. वही पाहिली तर अंगावर काटा आला. माझ्या रूळ मारलेल्या पानावर तिरकं, पेन्सिलीने, त्यांनी चार दिवस काय काय लिहून ठेवलं होतं. मी जेवायच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवला आणि पक्की यादी करायला बसले.

अकराव्या ओळीत यावलवाली होतीच. सगळ्यात शेवटी, नानांच्या अक्षरात, पुन्हा यावलवाली.

मी मान वर केली असती तर नाना दहा पावलांवर विडी ओढत बसलेले होते. विचारायला एक वाक्य लागलं असतं. पण मला वाटलं, यात काय विचारायचं. म्हाताऱ्याने एकच नाव दोनदा लिहिलंय. मी पट्टी घेतली, शेवटच्या नावावर सरळ रेघ मारली आणि नव्या पानावर एक्केचाळीस नावं उतरवली. एकही खाडाखोड नाही. पान वाळेपर्यंत मी ते हातात धरून बघत होते.

कापसाची आग आधी दिसत नाही. ती ढिगाच्या आतून चालत येते. मला आधी वास आला, पऱ्हाट्यांचा वाटला, आणि मनात आलं की कुणीतरी भरीत लावलं असणार. मग शेडकडून कुणीतरी ओरडलं. बायका उघडे डबे तसेच टाकून फाटकाकडे पळाल्या. कुणाच्या हातात अर्धी भाकरी होती. आग कशी लागली ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

नानांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. "ताई, हाजरी ले. हाजरी ले आधी."

मी घेतली. माझा आवाज थरथरला नाही, याचंही मला तेव्हा बरं वाटलं होतं. एरंडोलवाली, हाजर. असोदेवाली, हाजर. यावलवाली, हाजर. फाटकाबाहेर धुरात उभ्या त्या बायका माझ्या नियमाप्रमाणे एकेक करून बोलत होत्या. एकही नाव रिकामं गेलं नाही.

"बठ्ठ्या शेतस ना?" नानांनी विचारलं.

"सगळ्या आहेत, नाना," मी म्हटलं. "यादी भरली."

मी भरली म्हटल्यावर नानांनी गड्यांना आत जाऊ दिलं नाही. म्हणाले, माणूस आत नाही, मग कापसासाठी जीव कशाला घालवायचा. बाहेरूनच पाणी मारा. बरोबरच होतं त्यांचं. माझ्या शब्दावर कुणीही तेच केलं असतं.

किती वेळ गेला, ते मला खरंच सांगता येत नाही. बादल्यांची रांग लागली होती. तेवढ्यात यावलवाली माझ्याजवळ आली, बुटकी, चटपटीत, जिला मी सुरुवातीपासून ओळखत होते. अवघडून म्हणाली, "ताई, दुसरीचं नाव काऊन नाही घेतलं वं? घरी धाडलं का तिले?"

"कोणती दुसरी?"

"दुसरी यावलवाली. तिले ताप होता. मीच म्हटलं, गोदामात गाठींमागे पड जराशी."

भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. हौदात गोणपाट बुडवून डोक्यावर घेतलं आणि तो पळाला. मागून दोघे गडी पळाले.

त्यांनी तिला बाहेर आणलं. ती जगली, हे मी इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. सरकारी दवाखान्यात बरेच दिवस होती. छातीत धूर गेला होता. बाकी सगळं हळूहळू सुधारलं, आवाज आला नाही. कुजबुजीपलीकडे तिला बोलता येईना. काही महिन्यांनी नवऱ्याने तिला माहेरी, यावलला, नेऊन सोडलं आणि तो न्यायला आला नाही.

माझ्याकडे यादी कुणी मागितली नाही. नाना म्हणाले, "नवी व्हती, राही गई." सगळ्यांनी मान हलवली. नवी होती, राहून गेली. वाक्य इतकं साधं होतं की मीही त्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. रेघ मारलेलं जुनं पान मी ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. फाडलं नाही. फाडायची हिंमत नव्हती आणि दाखवायचीही नव्हती.

त्या वर्षी होळीच्या सुमारास भाऊ एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "जुनी यादी कुठंय?" मी ट्रंक उघडली. त्याने पान पाहिलं, घडी केली, खिशात घातलं. मी वाट बघत होते तो काही बोलेल याची. तो म्हणाला, "चहा आहे का?"

गाणं धुळ्याला रेकॉर्ड झालं. बाजारातल्या एका कॅसेटच्या दुकानावर एक खोली होती, भिंतींना गोणपाट लावलेलं, आवाज नको म्हणून पंखा बंद. मे महिना. ढोलावर बंडू, जो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, तो दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन डोक्यावर पाणी ओतून यायचा. मला भाऊने का आणलं होतं ते मला माहीत नव्हतं. वाटलं, डबे सांभाळायला.

त्याने मला माइकपुढे उभं केलं आणि खिशातलं पान हातात दिलं. माझंच पान. पेन्सिलीची तिरकी अक्षरं, शेवटी माझी रेघ.

"हजेरी घे," तो म्हणाला. "नेहमीसारखी."

"सगळी?"

"सगळी नको. मी खुणा केल्यात तेवढी. शेवटचं घ्यायचं."

चार नंबरच्या मशीनचा ठेका बंडूने ढोलावर धरला. मी एरंडोलवाली म्हटलं, मित्र "हाजर" ओरडले. असोदेवाली. यावलवाली. धुळेवाली. मग मी रेघेखालचं नाव वाचलं. "यावलवाली." आणि कुणीच ओरडलं नाही. भाऊने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ढोलही थांबला. त्या बंद खोलीत चार मात्रा मी नुसती उभी होते आणि भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

दुकानाचे शेठ काचेपलीकडून आत आले. भला माणूस. म्हणाले, "विलासभाऊ, चांगलं जमलंय. फक्त यावलवाली दोनदा आलंय. एक उडवू का?"

"उडवायचं नाही."

"बरं. पण मग मध्ये हे रिकामं कशाला? लोकांना वाटेल टेप अडकली."

"वाटू दे," भाऊ म्हणाला. "चार मात्रा वाटू दे."

शेठ म्हणाले तेच झालं. जळगाव-धुळ्याच्या स्टँडवर कॅसेट विकली जायला लागली आणि लोक ती परत आणायला लागले. घराघरांत, पानटपऱ्यांवर, त्या जागी आलं की माणसं हात पुढे करायची, टेपरेकॉर्डरला चापट मारायची, कॅसेट काढून पेन्सिलीने फिरवायची. शेवटी शेठनी दुकानाबाहेर पाटी लावली : 'हाजर'ची कॅसेट खराब नाही, थोडं थांबा, पुढे वाजते. थोडं थांबायला मात्र कुणी तयार नसायचं. पुढे पुढे पोरांनी ती जागा भरूनच टाकली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्या चार मात्रांत शेकडो पोरं एकदम "हाजर" ओरडतात. वरातीत नवरीचं नाव ओरडतात. मी एकदा मुलीच्या गॅदरिंगला बसले होते. पोरं ओरडली आणि शेजारची बाई मला म्हणाली, "किती नशीबवान आहात हो." मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

त्यांचा चार जणांचा कारभार दोन वर्षांत आटोपला. भाऊने धुळ्यात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. दर हिवाळ्यात एकदा तो तिकडून येताना आमच्याकडे न थांबता पुढे जायचा आणि संध्याकाळी परतताना चहाला यायचा, पिशवीत यावलची केळी घेऊन. "जाऊन आलो," एवढंच म्हणायचा. मी केळी घ्यायची, ताटात मांडायची, कुठे गेला होतास हे विचारायची नाही. माझ्या आयुष्यातल्या बाकी सगळ्या कामांवर खुणा झाल्या. लग्न, नोकरी, घर, मुलीचं शिक्षण. हे एकच काम मी कुठल्याच यादीत घेतलं नव्हतं, म्हणजे ते राहिलं असंही म्हणायला नको.

दीड पान खोडल्यावर मी भाऊला फोन केला. "यंदा मीही येते."

दुकानातली मोटर त्याने बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मोटारसायकलवर बसशील का? कंबर धरते ना तुझी?"

"बसेन."

केळीच्या बागांमधून रस्ता जातो. ओली, गार हवा पायांना लागत होती. मी मनात वाक्यं लावत होते, पहिलं हे म्हणायचं, मग ते. दार उघडं होतं. खाटेवर एक बाई बसली होती, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, समोर सुपात डाळ. हाताशी पितळी ताटली आणि वाटी. कुणाला बोलवायचं तर ती वाटीने ताटली वाजवते. तिने वाजवली, भाची आतून आली, चहाचं सांगून झालं.

"ही माझी बहीण," भाऊ म्हणाला.

"माहीत आहे," ती कुजबुजली. "आवाज ओळखते मी."

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. मग कळलं, ती गाण्यातल्या आवाजाबद्दल बोलत होती.

मी नाव विचारलं. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "गोजरा. इथं मले यावलवाली कोण म्हणीन? इथं सगळ्याच यावलच्या." आणि हसली. हसण्याचाही आवाज नव्हता, नुसता श्वास.

मग मी सांगितलं. पक्की यादी, पट्टी, रेघ. नाना दहा पावलांवर होते, हेही. लावून आणलेली वाक्यं उपयोगी पडली नाहीत, पण क्रम चुकू दिला नाही. ती डाळ निवडत ऐकत होती. झाल्यावर तिने विचारलं, "रेघ सरळ होती का?"

"हो."

"विलासभाऊ म्हणतात, तुझं काम नीट असतं."

चहा आला. कुणी उचलला नाही. ती बोलायला लागली, मध्ये मध्ये थांबून, श्वास घेऊन. "मी आयकत होती तुझी हाजरी. गाठींमागं पडली होती ना, जाग आली त तुझा आवाज. मले वाटलं, जेवणाची सुट्टी सरली, रोजची हाजरी चालू आहे. धूर नव्हता तवा तिकडं. पहिली यावलवाली झाली. ती बोलली. मले बायांनी सांगून ठेवलं होतं, आपलं नाव येईस्तोवर तोंड उघडायचं नाही, नाहीतर ताई रागावते. मी म्हटलं, माझं शेवटी आहे. नाव येईन आता." तिने सूप खाली ठेवलं. "वाट पाहत होती मी. तवा माझा आवाज फाटकापर्यंत गेला असता. तुले माहीत नाही, केवढा आवाज होता माझा."

मला वाटत होतं, त्या चार मात्रा नसलेल्या बाईच्या आहेत. भाऊलाही बहुधा तसंच वाटत होतं, कारण तो उठून दारात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. त्या तिच्या होत्या. ती तिथे होती, ऐकत होती, माझा नियम पाळत होती.

मी म्हटलं, "तुमचं नाव लिहू का लेखात? गोजराबाई?"

"लेखात लिही. यादीत नको. यादीत यावलवालीच." मग म्हणाली, "घे."

"काय?"

"हाजरी घे. येते ना तुले अजून?"

मला सगळी येते. पक्क्या यादीतली एक्केचाळीस आणि तिच्याबाहेरचं एक. मी खुर्चीवर ताठ बसले आणि सुरुवात केली. एरंडोलवाली. असोदेवाली. अकराव्या नावाला तिने बोट वर केलं, म्हणजे ती मी नव्हे, ती दुसरी. मी पुढे गेले. कुणी "हाजर" म्हणत नव्हतं. बाहेर पंपाचा आवाज येत होता. शेवटी मी म्हटलं, "यावलवाली."

ती दाराकडे बघत राहिली. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"पुढचं घे," ती म्हणाली.

पुढचं नव्हतं. तिचं शेवटचं होतं.

तर स्मरणिकेसाठी. दीड पान मागितलं होतं, जास्त झालं आहे. कापायचंच तर सुरुवातीचं भरिताचं कापा. गमतीदार झालेलं नाही, त्याला इलाज नाही. लाइट गेली नव्हती. आणि छापण्याआधी अक्षरं तपासणाऱ्याला एवढं सांगा, की हजेरीत यावलवाली दोनदा आलं आहे. ते काढू नका. दोघी होत्या.